भांड्यावर घातलेलं नाव

आमच्या स्वयंपाकघरात पितळेचा एक डबा आहे. त्याच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत आईच्या थोरल्या मामांचं नाव घातलेलं आहे, पुढे 'यांजकडून सप्रेम भेट' आणि लग्नाची तारीख. डबा उलटा केला की बुडावर दुसरं नाव दिसतं, जरा घाईत घातलेलं. ते माझ्या काकूचं. म्हणजे आईला आलेला आहेर आईने धाकट्या जावेच्या लग्नात फिरवला. मग तो परत आमच्याकडे कसा आला, यावर दोघींचं आजतागायत एकमत नाही. आई म्हणते, काकूने तो माझ्या बारशाला दिला. काकू म्हणते, बारशाला मी वाटी-चमचा दिला होता; डब्यातून नुसते लाडू पाठवले होते, डबा तुम्ही ठेवून घेतलात.

हा डबा मला पॅरिसमध्ये आठवला. लूव्रमध्ये सगळी गर्दी मोनालिसाच्या दिशेने वाहत असते, त्यामुळे रिशलिय विंगेतल्या मध्ययुगीन वस्तूंच्या दालनात जरा उभं राहता येतं. तिथे काचेआड स्फटिकाचं एक पात्र आहे. उंची फूटभरापेक्षा थोडी जास्त, आकार साधारण पेरूसारखा. स्फटिकावर मधमाशांच्या पोळ्यासारखे बारीक खळगे ओळीने कोरलेले, त्यामुळे उजेड त्यात शिरतो आणि जागोजागी अडखळतो. हे स्फटिकाचं पोट फार जुनं, बहुधा इराणी घडणीचं. वरचा गळा आणि खालची बैठक मात्र बाराव्या शतकातली, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची, मोती आणि रंगीत खडे जडवलेली. आणि बैठकीच्या कडेने, अगदी आमच्या डब्यासारखी, अक्षरं. लॅटिनमध्ये आहेत, पण मजकूर ओळखीचा: हे पात्र नवरी आनोरने लुई राजाला दिलं, मितादोलुसने तिच्या आजोबांना, राजाने मला, आणि सुजेरने संतांना.

चार हात फिरलेला आहेर, आणि फिरवणाऱ्यांची यादी भांड्यावरच! आमच्या घरी ही पद्धत असती तर आई-काकूंचं भांडण मिटलं असतं.

यातला सुजेर म्हणजे पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाचा मठाधिपती. राजाकडून पात्र मिळाल्यावर मढवून घेतलं ते त्याने. मितादोलुस या नावामागे सारागोसाचा मुस्लिम अमीर इमाद-उद-दौला असावा असं अभ्यासक मानतात. आपल्याला ती 'दौला' चटकन ऐकू येते, लॅटिन लिहिणाऱ्याने तिचं पार 'दोलुस' करून टाकलं. आणि नवरी आनोर म्हणजे एलेनॉर, आकितेनची डचेस. शाळेच्या इतिहासात ती आपल्याला भेटते, पण 'सिंहहृदयी रिचर्डची आई' एवढ्याच ओळखीने. तिची म्हणून खात्रीने सांगता येईल अशी ही एकच वस्तू जगात उरली आहे, आणि तीही तिने लग्नात नवऱ्याला देऊन टाकलेली.

घरी आल्यावर मी एक वही केली. एलेनॉरचं गणगोत मराठीत लिहून काढायचं, एवढाच उद्योग. आपल्याकडे नात्यांना शब्दांची चंगळ आहे. इंग्रजी किंवा फ्रेंच माणूस ज्याला एकाच शब्दात गुंडाळतो त्याला आपण दीर, मेहुणा, साडू असं वेगवेगळं करून दाखवतो. तेव्हा काम सोपं जाईल असं वाटलं होतं. पहिल्या पानावर लिहिलं, 'सातवा लुई: पहिला नवरा.' आठवड्याभरात त्याच नावापुढे मला 'व्याही' असंही लिहावं लागलं. तिथून वही हाताबाहेर गेली.

खरं तर गुंता तिच्या जन्माच्या आधीच सुरू झाला होता. तिचे आजोबा नववे गियोम, आकितेनचे ड्यूक. ज्यांची रचना आज हाती आहे अशा त्रूबादूर कवींत ते पहिले, आणि वागायलाही कवितेइतकेच मोकळे. शातेलरोच्या व्हायकाउंटची बायको त्यांच्या मनात भरली. तिचं नाव, किंवा लोकांनी ठेवलेलं नाव, दांजरोज, म्हणजे चक्क 'धोकादायक'. गियोमनी तिला उचलून प्वातिएच्या राजवाड्यातल्या मोबेर्जों बुरुजात आणून ठेवलं. त्यांची लग्नाची बायको फिलिपा, तुलूजच्या घराण्यातली. तिने वाडा सोडून फोंतव्रोच्या मठाची वाट धरली. इथवरची गोष्ट कुठल्याही सरंजामी घराण्यात शोभेल. पुढची मात्र खास यांचीच. दांजरोजला आपल्या नवऱ्यापासून झालेली मुलगी होती, एनोर. गियोमना फिलिपापासून झालेला मुलगा होता, दहावा गियोम. या दोघांचं लग्न लावण्यात आलं. एलेनॉर ही त्यांची थोरली लेक. म्हणजे आईकडची आजी तीच बाबांच्या बाबांची ठेवलेली बाई. आजोळ आणि घर एकाच बुरुजात.

तिच्या नावाबद्दलही असं सांगतात की आई एनोर, म्हणून मुलगी 'आलिया एनोर', दुसरी एनोर. त्याचं झालं आलिएनॉर. व्युत्पत्ती कितपत खरी असेल ती असो, पण सुजेरच्या भांड्यावर 'आनोर' असंच आहे. नवरी म्हणून कोरलेलं नाव आईच्या नावाला इतकं चिकटून आहे हे मला आवडलं.

आई आणि एकुलता भाऊ दोघंही ११३०च्या सुमारास गेले. वडील ११३७च्या गुड फ्रायडेला, सांतियागोच्या यात्रेत. मागे एलेनॉर आणि धाकटी बहीण पेत्रोनिला. एलेनॉर तेव्हा तेरा ते पंधरा वर्षांची, आणि लुआर नदीपासून पिरेनीज पर्वतापर्यंतच्या मुलखाची वारस. असा मुलूख, अशी पोर आणि डोक्यावर बाप नाही, म्हटल्यावर फ्रान्सच्या राजाने वेळ घालवला नाही. युवराज लुईला पाचशे सरदार देऊन बोर्दोला धाडलं, सोबत सुजेर. २५ जुलैला सँतांद्रे कॅथीड्रलमध्ये लग्न लागलं. जोडपं पॅरिसला पोचायच्या आतच, १ ऑगस्टला, म्हातारा राजा वारला आणि नवरी राणी झाली.

हा लुई मुळात राजा व्हायचाच नव्हता. तो धाकटा, त्याला चर्चसाठी वाढवत होते. थोरला भाऊ फिलिप ११३१मध्ये पॅरिसमधून घोडदौड करत असताना एक डुक्कर घोड्याच्या पायात आलं. युवराज पडला आणि गेला. पुस्तकांतून उचलून आणलेल्या लुईच्या डोक्यावर राज्य आलं, आणि शेजारी त्रूबादूराची नात. 'मी राजाशी नव्हे, संन्याशाशी लग्न केलंय' हे तिच्या तोंडी घातलेलं वाक्य एका इंग्रज इतिवृत्तकाराने नोंदवलं आहे. ती तसं म्हणाली असेल-नसेल. त्या डुकराचा मात्र दोन्ही देशांच्या इतिहासात वाटा आहे, आणि त्याला कोणी श्रेय देत नाही.

मग पेत्रोनिला. तिला राजाचा नातेवाईक राऊल द व्हेर्मांदुआ आवडला. तो वयाने बापाएवढा, आणि लग्न झालेला. त्याची बायको शाँपेनच्या काउंटची पुतणी. ती अडचण कशी दूर केली? तीन बिशप जमवले, त्यांच्यापैकी एक राऊलचा सख्खा भाऊ, आणि त्यांनी निवाडा दिला की नवरा-बायको एकमेकांचे नात्यातले असल्यामुळे हे लग्नच गैर. शाँपेनचा काउंट थिबो खवळला, पोपने राऊलला बहिष्कृत केलं, लुईने शाँपेनवर स्वारी केली. व्हित्री गावात लोक जिवाच्या भीतीने चर्चमध्ये शिरले होते. चर्च पेटलं. इतिवृत्तं हजारावर माणसं जळाल्याचं सांगतात. गावाला पुढे 'जळकं व्हित्री' असंच नाव पडलं. मेहुणीच्या हट्टापायी पेटलेलं ते गाव लुईच्या मनातून गेलं नाही, असं त्याचं पुढचं वागणं पाहिलं की वाटतं.

या भानगडीत क्लेर्व्हो मठाच्या संत बर्नारने एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली. राजा दुसऱ्यांच्या लग्नांतलं जवळचं नातं काढतो, पण त्याची स्वतःची बायको कोण आहे? तीही नात्यातलीच. हे ११४३च्या सुमाराचं. म्हणजे लग्नाला सहा वर्षं होतात न होतात तोच, ते मोडायचं हत्यार घरातच आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

आपल्याकडच्या सपिंडाच्या हिशोबासारखंच हे. बापाकडून सात पिढ्या, आईकडून पाच, असं आपली जुनी मंडळी बोटांवर मोजायची. तिथे चर्चचा नियम सरसकट सात पिढ्यांचा. पण सात पिढ्या मागे गेलं तर युरोपातलं प्रत्येक राजघराणं दुसऱ्याचं कोणी ना कोणी निघणारच. मग नियम पाळायचा कोणी? कोणीच नाही. तो कपाटात ठेवायचा, लागेल तेव्हा काढायचा. चर्चलाही हे कळायला १२१५ साल उजाडलं. तेव्हा सातच्या चार केल्या.

एलेनॉरने तो नियम पहिल्यांदा काढला अंत्युखियात. दुसऱ्या क्रूसेडला ती नवऱ्याबरोबर निघाली होती, आणि ११४८च्या मार्चमध्ये हे लटांबर अंत्युखियाला पोचलं. तिथला राजपुत्र रेमों म्हणजे तिचा सख्खा काका, बाबांचा धाकटा भाऊ. किती महिन्यांनी कोणी माहेरचं माणूस भेटलं असेल, माहेरची बोली कानावर पडली असेल. काका-पुतणीच्या गप्पा संपेनात. लुईला ते खुपलं. लोक नको ते बोलायला लागले, आणि ते बोलणं आठशे वर्षं थांबलेलं नाही. मला त्या कुजबुजीत रस नाही. मला यात एक थकलेली बाई दिसते, जिला वाटेत अचानक माहेर लागलंय. ती म्हणाली, मी इथेच राहते. आणि तुझं-माझं नातं तसंही चर्चच्या नियमात बसत नाही. लुईने तिला जबरदस्तीने जेरुसलेमकडे नेलं. पुढच्या वर्षी रेमों लढाईत मारला गेला.

परतीच्या वाटेवर दोघं पोप तिसऱ्या युजीनला रोमजवळच्या टस्क्युलममध्ये भेटले. जॉन ऑफ सॉल्झबरी तेव्हा पोपच्या दरबारात होता, त्याने हा प्रसंग लिहिला आहे. पोपने दोघांची बाजू ऐकली. नात्याचा विषय इथून पुढे काढाल तर याद राखा, असं बजावलं. आणि मग स्वतःचे मौल्यवान पडदे लावून एक बिछाना सजवून घेतला आणि नवरा-बायकोला त्यात झोपायला लावलं. रोज त्यांच्याशी बोलून मनं जुळवायचा प्रयत्न केला. निघताना त्याला रडू आवरेना.

कुटुंबातल्या एखाद्या भाबड्या आजोबांसारखा हा पोप मला फार आवडतो. पण त्याच्या बिछान्याचा उपयोग झाला नाही. ११५०मध्ये एलेनॉरला मूल झालं ते दुसरी मुलगी, आलिक्स. पहिली मारी, ११४५ची. तेरा वर्षांत दोन मुली, मुलगा नाही. आता नातं आठवायची पाळी लुईच्या माणसांची होती.

२१ मार्च ११५२ला बोजांसीत बिशप जमले. साक्षीदारांनी शपथेवर नातं सांगितलं. ते मी वहीत मांडून पाहिलं. वर राजा रॉबेर, 'धर्मशील' म्हणून ओळखला जाणारा. त्याचा एक मुलगा हेन्री, त्याचा फिलिप, त्याचा सहावा लुई, त्याचा सातवा लुई: चार पिढ्या. रॉबेरचा दुसरा मुलगा बर्गंडीचा ड्यूक, त्याची मुलगी इल्दगार्द, तिचा मुलगा नववा गियोम, मग दहावा, मग एलेनॉर: पाच पिढ्या. झालं. लग्न मुळात झालंच नव्हतं असा निवाडा. मुली औरस ठरल्या आणि बापाकडे राहिल्या. आकितेन एलेनॉरचं, ते तिच्याबरोबर परत.

मारी तेव्हा सात वर्षांची, आलिक्स दोन वर्षांचीही नसेल. याबद्दल एलेनॉरला काय वाटलं ते कुठल्याही कागदावर नाही, आणि मी तिच्या वतीने रडणार नाही. पण वहीच्या त्या पानावर मी पुष्कळ वेळ थांबले होते, एवढं सांगते.

बोजांसीहून ती प्वातिएला निघाली. आपण पुन्हा कुमारिका झालो आहोत, हातात एवढा मुलूख आहे, याचा अर्थ तिला पहिल्याच मुक्कामाला कळला. ब्लुआचा तरुण काउंट पाचवा थिबो तिला पळवून नेऊन लग्न लावायच्या बेतात होता. ती रात्रीतून नदीने निसटली. पुढे पोर-द-पिलजवळ दुसरा दबा धरून बसला होता, आंजूच्या घराण्यातला जॉफ्र. तिने वाट बदलली. प्वातिएला पोचून तिने आपणहून निरोप पाठवला तो या जॉफ्रच्या थोरल्या भावाला, हेन्रीला. १८ मेला लग्न झालं. निवाड्याला आठ आठवडे. तो एकोणीस वर्षांचा, ती तिशीच्या आसपास. दबा धरून बसलेला जॉफ्र रीतसर दीर झाला.

आणि हेन्रीशी नातं? मी पुन्हा रेघा ओढल्या. आंजूची एर्मांगार्द नावाची एक बाई. तिची दोन लग्नं. एका लग्नाच्या शाखेत खाली चौथ्या पिढीला हेन्री, दुसऱ्या लग्नाच्या शाखेत चौथ्या पिढीला एलेनॉर. शिवाय तो धर्मशील रॉबेर हेन्रीचाही पूर्वज निघतोच. ज्या कारणासाठी पहिलं लग्न पुसलं गेलं तेच कारण दुसऱ्याला थोडं अधिकच लागू होतं. कोणी चकार शब्द काढला नाही. नंतर थोड्याच दिवसांत फोंतव्रोच्या मठाला दिलेल्या सनदेत एलेनॉर सरळ म्हणते की नातं असल्यामुळे मी माझे स्वामी लुई यांच्यापासून वेगळी झाले आणि माझे स्वामी हेन्री यांच्याशी विवाहबद्ध झाले. एका वाक्यात दोन्ही नवरे, दोघांनाही मान. मला हे वाक्य तिच्याबद्दल लिहिलेल्या सगळ्या रसभरित पानांपेक्षा जास्त सांगतं.

११५४मध्ये हेन्री इंग्लंडचा राजा झाला. ११५३पासूनच्या तेरा-चौदा वर्षांत तिला आठ मुलं झाली, त्यांतले पाच मुलगे. लुईला हे ऐकून काय वाटलं असेल!

आता मूळ गुंता. लुईने दुसरं लग्न केलं, तिथेही दोन मुली. ती बायको बाळंतपणात गेल्यावर पाच आठवड्यांत, ११६०मध्ये, तिसरं केलं, शाँपेनच्या आदेलशी. ही आदेल म्हणजे ज्याच्यावर लुईने स्वारी केली होती त्या काउंट थिबोची लेक. तिच्या भावांपैकी दोघे: शाँपेनचा हेन्री आणि ब्लुआचा पाचवा थिबो. हो, तोच, एलेनॉरला पळवून न्यायला निघालेला. लुईने आपल्या आणि एलेनॉरच्या दोन्ही मुली या दोघा भावांना देऊ केल्या होत्या. मारी शाँपेनला गेली, आलिक्स ब्लुआला. म्हणजे लुईचे जावई तेच त्याचे मेहुणे. मारी-आलिक्सची सावत्र आई तीच त्यांची नणंद. आणि ज्याच्या तावडीतून एलेनॉर नदीतून निसटली, तो तिचा जावई. सासूने जावयाला काय म्हणून हाक मारली असती कोण जाणे; तशी वेळ बहुधा आली नाही.

त्याच ११६० साली नोव्हेंबरात आणखी एक लग्न लागलं. नवरा एलेनॉरचा मुलगा हेन्री, वय पाच. नवरी लुईची दुसऱ्या बायकोपासूनची मुलगी मार्गरीत, वय दोन-तीन. हुंड्यात व्हेक्सँ प्रांतातले किल्ले होते, आणि ते लवकर ताब्यात यावेत म्हणून इंग्लंडच्या राजाने घाई करून पाळण्यातली पोरं बोहल्यावर चढवली. लुई संतापला, पण लग्न लागलं होतं. पहिला नवरा व्याही झाला तो असा. दुसरी मुलगी अॅलिस, ती रिचर्डला देऊ केलेली.

साडू, मेहुणा, व्याही, जावई. सगळे शब्द हाताशी असूनही माझं पान वाचता येईना. आमच्या आत्याने ते पाहिलं. तिला आमच्या आठ पिढ्या तोंडपाठ आहेत. ती म्हणाली, "अगं, यांच्यात पंगतीला बसवायचं कोणाला कुठे?" मला वाटतं, प्रश्न अचूक होता. ११७३मध्ये पंगत उधळलीच. मोठे मुलगे बापाविरुद्ध उठले, एलेनॉर मुलांच्या बाजूने. मुलं पळून गेली ती पॅरिसला, लुईकडे. तीही पुरुषी वेशात तिकडेच निघाली असताना पकडली गेली. दुसऱ्या नवऱ्यापासून पळून पहिल्या नवऱ्याच्या आश्रयाला! हेन्रीने तिला कैदेत ठेवलं, आणि तो ११८९मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही. सुमारे सोळा वर्षं.

मधल्या काळात आठांपैकी तीन मुलं गेली. कैदेतून बाहेर आली तेव्हा ती पासष्टी उलटलेली होती, आणि तिथून तिची खरी धावपळ सुरू झाली. रिचर्ड राजा झाला, पण त्याचं लग्न अडकलेलं. वाग्दत्त वधू अॅलिस वीसेक वर्षं त्याच्या बापाच्या ताब्यात होती, आणि बापानेच तिला ठेवली होती असं उघड बोललं जात होतं. रिचर्डने तेच कारण सांगून तिला नाकारलं. एलेनॉरने नवी सून शोधली, नवाराची बेरेंगारिया. भर हिवाळ्यात तिला घेऊन आल्प्स ओलांडले, इटली उतरली आणि ३० मार्च ११९१ला सिसिलीत मेसिनाला मुलाच्या हवाली केली. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, चालू असल्याने लग्न लागेना. एलेनॉर जेमतेम चार दिवस राहिली आणि परत फिरली. बेरेंगारियाची पाठराखीण म्हणून राहिली तिची नणंद जोन, सिसिलीच्या राजाची तरुण विधवा. लग्न पुढे सायप्रसला लागलं. सासूने सून आणली, लग्न पाहिलं नाही.

क्रूसेडहून परतताना रिचर्ड जर्मनीत अडकला. खंडणी दीड लाख मार्क. ती जमवायचं, मोजायचं आणि घेऊन जायचं काम सत्तरीच्या आईने केलं. कैदेत रिचर्डने एक गाणं रचलं, 'माझे सोबती मला सोडवत नाहीत' अशा तक्रारीचं. शेवटी तो गाणं अर्पण करतो एका काउंटेसला, ताई म्हणून. ही ताई म्हणजे मारी, शाँपेनची, एलेनॉरची पहिली लेक. लगेच पुढे टोमणा: हे मी शार्त्रवालीबद्दल म्हणत नाही, त्या लुईच्या आईबद्दल. ती आलिक्स; हा लुई म्हणजे तिचा मुलगा. आईने ज्यांना मागे सोडलं त्या दोन बहिणींना तिचा दुसऱ्या घरातला मुलगा ओळखत होता. एकीवर जीव, दुसरीवर राग, अगदी सख्ख्या बहिणींवर असावा तसा.

११९९च्या एप्रिलमध्ये रिचर्ड गेला, सप्टेंबरात जोन. दहा मुलांपैकी दोनच उरली: सर्वांत धाकटा जॉन, जो आता राजा होता, आणि कास्तीलची राणी झालेली मुलगी एलेनॉर. ही आईचंच नाव घेतलेली लेक आठ-नऊ वर्षांची असताना ११७०मध्ये स्पेनला दिलेली. जॉनचा आणि फ्रान्सचा राजा फिलिप, म्हणजे सातव्या लुईला आदेलपासून झालेला मुलगा, याचा तह ठरत होता. अट अशी की फिलिपच्या मुलाला, छोट्या लुईला, कास्तीलची एक राजकन्या द्यायची. ती आणायला कोण जाणार? पंचाहत्तरी ओलांडलेली आजी निघाली. वाटेत लुसिन्याँच्या ह्यूगने तिला अडवून मार्श प्रांत मागितला. तिने देऊन टाकला आणि पुढे गेली. हिवाळ्यात पिरेनीज ओलांडले.

तीस वर्षांनी लेक. तिच्या घरात मुलींचा गोतावळा. लग्नाजोग्या दोघी होत्या: थोरली उर्राका, धाकटी ब्लांका. मान थोरलीचा. पण ठरली धाकटी. परंपरा सांगते की 'उर्राका' हे नाव फ्रेंच कानाला रुचणार नाही म्हणून. असेल. पण आजीने दोन महिने त्या पोरींबरोबर काढले होते, आणि सून, नातसून निवडण्याची तिला सवय होती. बारा वर्षांच्या ब्लांकामध्ये तिला काहीतरी दिसलं असावं, असं मला वाटतं. तीच पुढे फ्रान्सची राणी ब्लांश, मुलगा लहान असताना राज्य हाकणारी.

२३ मे १२००ला लग्न लागलं, तेही फ्रान्समध्ये नाही, सीमेपलीकडे नॉर्मंडीतल्या पोर-मोर गावी. कारण फ्रान्समधली चर्चं पोपने बंद करून ठेवली होती. का? तर वरपिता फिलिपने आपल्या डॅनिश बायकोला टाकलं होतं, नात्याचं खोटं कारण काढून. तेच जुनं हत्यार.

वर छोटा लुई, सातव्या लुईचा नातू. वधू ब्लांश, एलेनॉरची नात. त्यांचा मुलगा नववा लुई, ज्याला फ्रान्स संत मानतो. वहीत मी दोन रकाने केले होते, एक सातव्या लुईच्या गोतावळ्याचा, एक एलेनॉरच्या. दोन्हींच्या तळाशी एकच नाव आलं आणि दोन्हीकडे एकच शब्द लिहावा लागला: पणतू. मुलगा होत नाही म्हणून मोडलेल्या जोडप्याचा.

पण ब्लांशच्या लग्नाला एलेनॉर नव्हती. इथेही नाही. कास्तीलहून येताना तिने नातीला बोर्दोपर्यंत आणलं. ईस्टर तिथे झाला. तेवढ्यात शहरात खून झाला, तिच्या मुलांच्याच फौजेतला सरदार मेर्कादिए मारला गेला. म्हातारी दमली होती. तिने ब्लांशला बोर्दोच्या आर्चबिशपच्या हवाली केलं आणि स्वतः फोंतव्रोला, त्या फिलिपा आजीच्या मठात, राहायला गेली. बोर्दोचा आर्चबिशप म्हणजे सँतांद्रे कॅथीड्रलचा. त्याच कॅथीड्रलमधून त्रेसष्ट वर्षांपूर्वी एक नवरी उत्तरेला निघाली होती, सामानात आजोबांचं स्फटिकाचं भांडं घेऊन.